‘तुम्हीच ठरवा’ म्हणणारी मुलगी

ताई, माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, लहानपणापासून अभ्यासात हुशार. तिने डॉक्टर व्हावे अशी माझी फार इच्छा आहे. मला स्वतःला व्हायचे होते, पण घरच्या परिस्थितीमुळे ते जमले नाही. आम्ही तिच्यावर कधीच सक्ती केली नाही, आवाजही चढवला नाही. मध्यंतरी सराव परीक्षेत तिला फारच कमी गुण मिळाले, तेव्हाही मी एक शब्द बोलले नाही, उठून स्वयंपाकघरात निघून गेले. त्यानंतरच्या दोन परीक्षांचे गुण तिने आम्हाला वाढवून सांगितले होते, हे परवा कळले. पूर्वी ती चित्रे फार सुंदर काढायची, म्हणून आम्ही तिला क्लास लावला, स्पर्धांना पाठवले, प्रत्येक चित्रामागे बक्षीस ठेवले, तरी तीन वर्षांपूर्वी तेही तिने सोडून दिले. आता पुढे काय करायचे असे विचारले की ‘तुम्हीच ठरवा’ एवढेच म्हणते. आमचे कुठे चुकले? मुलांकडून अपेक्षा ठेवूच नयेत का?
— एक आई

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले: ‘एक शब्द बोलले नाही, उठून स्वयंपाकघरात निघून गेले.’ आपण किती संयम राखला हे सांगण्यासाठी तुम्ही ते लिहिले असणार, पण तुमच्या मुलीला त्यात संयम दिसला असेल असे मला वाटत नाही. आई रागावली तर मुलीला उलट बोलता येते, रडता येते, वाद घालता येतो. पाठ फिरवून गेलेल्या आईशी मात्र काहीच करता येत नाही. मग गुणपत्रिका हातात धरून मुलगी बाहेर उभी राहते आणि आतले आवाज ऐकते, भांडे ठेवले की आदळले, नळ किती वेळ वाहतो आहे, जेवायला हाक मारताना नेहमीचे लाडके नाव घेतले की शाळेच्या पटावरचे. घरातले हवामान ओळखण्यात मुले फार तरबेज असतात. (‘आम्ही कधीच सक्ती केली नाही’ हे वाक्य मला येणाऱ्या पत्रांत इतक्या वेळा येते, की हल्ली ते दिसले की पुढचा मजकूर मी अधिक सावकाश वाचते.)

म्हणून गुणांबद्दलच्या त्या खोट्याकडेही जरा निराळ्या नजरेने पाहावे, अशी विनंती आहे. तुम्हाला ती फसवणूक वाटली आणि त्याचे दुःख होणे साहजिक आहे, पण मला त्यात आई पुन्हा उठून जाऊ नये म्हणून केलेली धडपड दिसते. माया तीच असते, पण निकालाच्या दिवशी ती चार पावले मागे सरकते आणि चांगले गुण आले की परत येते, असा हिशेब मुलांच्या मनात एकदा बसला की तो सहज जात नाही. आवी असोर, गाय रॉथ आणि एडवर्ड डेसी या संशोधकांनी २००४ मध्ये नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण अपेक्षा पूर्ण केल्या तरच आईवडिलांचा जिव्हाळा वाढतो असे ज्या तरुण मुलामुलींना वाटत आले होते, ती मुले अपेक्षेप्रमाणे वागत होती खरी, पण आतल्या दडपणापोटी. यशाचे समाधान त्यांना फार काळ पुरत नव्हते आणि आईवडिलांविषयी मनात अढीही बसलेली होती. याच अभ्यासाचा दुसरा भाग आयांविषयी होता. ज्यांना स्वतःच्या लहानपणी अशी अटींची माया मिळाली होती, त्यांचा कल आपल्या मुलींशीही तसेच वागण्याकडे दिसला, त्या मायेचा त्रास त्यांनी स्वतः भोगलेला असूनही. हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी सांगत नाही. तुमच्या लहानपणी घरी गुणपत्रिका आली की काय होत असे, हे एकदा आठवून पाहा, एवढेच सुचवते.

अपेक्षा ठेवूच नयेत का, असे तुम्ही विचारता. ठेवाव्यात, ज्या मुलाकडून कोणाचीच काही अपेक्षा नाही, ते मूल सुखी असते असे मी तरी पाहिलेले नाही. मात्र आपल्या भाषेत अपेक्षा आणि आकांक्षा असे दोन शब्द आहेत, आणि ते वेगळे ठेवणे इथे उपयोगी पडेल. जर्मनीतील बव्हेरिया राज्यात २००२ ते २००७ या काळात सुमारे साडेतीन हजार विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांची माहिती दरवर्षी गोळा करण्यात आली. मुलाला गणितात किती गुण मिळावेत असे तुम्हाला वाटते (ही आकांक्षा) आणि प्रत्यक्षात किती मिळतील असे वाटते (ही अपेक्षा), हे दोन्ही प्रश्न पालकांना स्वतंत्रपणे विचारलेले होते. कौ मुरायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माहितीचा अभ्यास केला, तेव्हा पालकांची आकांक्षा असलेल्या घरांतील मुलांची गणितातली प्रगती चांगली झालेली दिसली. पण जिथे ही आकांक्षा पालकांच्याच वास्तव अंदाजाच्या पुढे गेली होती, तिथे मुलांची प्रगती खालावलेली आढळली. तुमची मुलगी काय करू शकेल आणि तिने काय करावे असे तुम्हाला वाटते, यांत अंतर किती आहे, आणि त्या अंतरात तुमच्या स्वतःच्या राहून गेलेल्या डॉक्टरकीचा वाटा किती, हे तुम्हालाच एकांतात पाहावे लागेल. ते दुःख खोटे नाही, क्षुल्लकही नाही. फक्त त्याची भरपाई करणे हे तिच्याकडे सोपवलेले काम असू नये.

चित्रांबद्दल थोडक्यात सांगते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल, असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतर मुलांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढू लागली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, अचानक मिळाले, त्यांची आवड तशीच राहिली. क्लास, स्पर्धा आणि प्रत्येक चित्रामागचे बक्षीस हे सर्व तुम्ही कौतुकापोटीच केलेत, पण तिची स्वतःची अशी जी एक गोष्ट होती, तीही त्यामुळे निकाल लागण्याच्या गोष्टींत जाऊन बसली असावी. आता तिला रंगांची नवी पेटी आणून देऊ नका. तिने पुन्हा कधी काही काढलेच, तर दाखव म्हणू नका.

राहता राहिले ‘तुम्हीच ठरवा’. याला होकार समजण्याचा मोह होईल, कारण तुमची इच्छा तिला ठाऊक आहे आणि तिने नाही म्हटलेले नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये तरुणांच्या जडणघडणीविषयी लिहिताना अशा मुलांचे वर्णन केले आहे, ज्यांनी स्वतः काहीही चाचपून न पाहता आईवडिलांनी ठरवलेले आयुष्य उचलून अंगावर घेतलेले असते. ती वरकरणी समजूतदार, निर्धास्त दिसतात. म्हणून तिने सांगितले तरी तुम्ही ठरवू नका. प्रवेशाच्या तारखा, खर्च, अटी ही माहिती काढून देण्याचे काम आनंदाने करा. तीनचार वेगवेगळ्या क्षेत्रांत रोज काम करणाऱ्या माणसांना तिला भेटता येईल, त्यांच्याबरोबर एखादा दिवस काढता येईल अशी सोय करा, आणि त्यांत एक डॉक्टरही असू द्या. ती डॉक्टर होणारच नाही असे मी म्हणत नाही. तिकडे ती स्वतःच्या पायांनी गेली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पण हे सर्व नंतर. आधी तिच्याजवळ बसून त्या दिवसाविषयी बोला, आणि बोलणे लांबवू नका. ‘त्या दिवशी मी उठून गेले ते चुकले. मला वाईट वाटले होते, पण ते मला सांभाळायचे होते, तुला नव्हे,’ इतके पुरे आहे. त्याला जोडून ‘पण तूही खोटे बोललीस’ असे वाक्य आले, तर आधीचे सगळे वाया जाईल. तो विषय ती स्वतः काढेल, कदाचित महिन्याभराने. ती लगेच गळ्यात पडेल अशी आशा धरू नका. बहुधा ती ‘ठीक आहे’ म्हणेल आणि मोबाइलकडे पाहत राहील. या काळात तिची झोप उडाली, जेवण तुटले, किंवा जगण्यात अर्थ नाही असे काही ती बोलली, तर मात्र वाट न पाहता तिला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा.

पुढच्या परीक्षेचा निकाल लवकरच येईल आणि कदाचित तो याहून वाईट असेल, कारण या खेपेला ती खरा आकडा सांगेल. तेव्हा तिच्या शेजारीच बसून राहा. स्वयंपाकघरात काही उतू गेले, तरी चालेल.