फीचर्ड इमेज कस्टम फील्डमध्ये एक पाऊल मागे राहते, त्याबद्दल

वर्डप्रेसमध्ये पोस्टच्या फीचर्ड इमेजचा (मुख्य चित्राचा) पत्ता, म्हणजे यूआरएल, तुमचा कोड एका कस्टम फील्डमध्ये (पोस्टला जोडलेल्या जादा माहितीच्या रकान्यात) लिहितो, पण पोस्ट अपडेट केली की तिथे आधीच्याच चित्राचा पत्ता राहतो आणि पुन्हा अपडेट दाबल्यावर नवा येतो, हे तुमचं वर्णन वाचताक्षणी दुखणं ओळखलं. कॅशेचा (साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा) यात काडीचाही संबंध नाही. मी वापरत असलेल्या होस्टिंगचा मदत विभाग दर तक्रारीला 'कॅशे साफ करा' एवढंच सांगत राहिला. कोड न बघता दिलेल्या असल्या सल्ल्यात सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि त्याचा मला अजून राग येतो.

खरं कारण क्रमात आहे. वर्डप्रेसचा नवा ब्लॉक एडिटर रेस्ट एपीआयमधून (सर्व्हरशी बोलण्याच्या जोडणीतून) सेव्ह करतो. त्यात पोस्ट आधी लिहिली जाते, तिथेच 'सेव्ह_पोस्ट' हुक (ठरलेल्या क्षणी तुमचं फंक्शन चालवणारी जागा) चालतो आणि फीचर्ड इमेज त्यानंतर बसते. म्हणजे तुमच्या फंक्शनला जुनाच '_थंबनेल_आयडी', म्हणजे फीचर्ड इमेजचा क्रमांक, दिसतो. जुन्या क्लासिक एडिटरमध्ये हा घोळ नाही, म्हणून जुन्या लेखांतला कोड वाचून फसायला होतं.

त्यात आणखी एक चकवा आहे. पानावर एखादा जुन्या पद्धतीचा मेटाबॉक्स (जादा माहिती भरायची चौकट) असेल, तर एडिटर दुसरी विनंती पाठवतो, 'सेव्ह_पोस्ट' पुन्हा चालतो आणि तेव्हा चित्र बरोबर मिळतं. 'कस्टम फील्ड्स'चा पॅनेलही असाच मेटाबॉक्स. दोष बघायला तो उघडलात की दोष दिसेनासा होतो! चाचणी पॅनेल बंद ठेवूनच करा.

वर्डप्रेस ५.६ पासून 'डब्ल्यूपी_आफ्टर_इन्सर्ट_पोस्ट' हा हुक आहे, तो मेटा (पोस्टला जोडलेली जादा माहिती, फीचर्ड इमेजही त्यातच) बसल्यावर चालतो. फक्त एडिटरपुरतं काम असेल तर तो पुरे. पण इम्पोर्ट किंवा दुसरं प्लगइन थेट चित्र लावत असेल तर तो चालेलच असं नाही. माझं मत विचाराल तर या हुकांनी मेटावरच लक्ष ठेवा: 'अ‍ॅडेड_पोस्ट_मेटा', 'अपडेटेड_पोस्ट_मेटा' आणि 'डिलीटेड_पोस्ट_मेटा'. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत बदललेल्या मेटाचं नाव '_थंबनेल_आयडी' आहे का ते तपासा, नसेल तर परत फिरा. नाहीतर तुम्ही लिहिलेलं फील्डच हुक पुन्हा पेटवेल आणि फंक्शन विनाकारण पुन्हा चालेल. 'अपडेटेड'मधलं शेवटचं 'ड' विसरू नका. 'अपडेट_पोस्ट_मेटा' हा हुक डेटाबेस बदलण्याआधी चालतो.

मीडिया लायब्ररीतून चित्रच उडवलं, तर 'डिलीटेड' हुकला पोस्टचा आयडी शून्य मिळतो आणि मेलेला पत्ता फील्डमध्ये तसाच पडून राहतो. त्यासाठी 'डिलीट_अटॅचमेंट' पकडा, ते चित्र ज्या पोस्टना लावलं होतं त्या शोधा आणि त्यांचं फील्ड पुसा.

फील्डच्या नावाची सुरुवात अंडरस्कोरने करा, म्हणजे ते 'कस्टम फील्ड्स'च्या पॅनेलमध्ये येणार नाही. नाहीतर उघड्या पॅनेलमधली जुना पत्ता दुसऱ्या विनंतीत परत येऊन नव्यावर बसतो. बाहेरच्या अ‍ॅपला ते फील्ड वाचायचं असेल तर 'रजिस्टर_पोस्ट_मेटा'मध्ये 'शो_इन_रेस्ट' चालू करा. कस्टम पोस्ट टाइप (स्वतः बनवलेला पोस्टचा प्रकार) असेल तर त्याला 'कस्टम-फील्ड्स'चा सपोर्टही हवा.

जुन्या पोस्टना यातलं काहीच आपोआप लागू होत नाही. डब्ल्यूपी-सीएलआयने (कमांड लाइनवरून वर्डप्रेस चालवायचं साधन) तुमचं फंक्शन त्यांच्यावरून शंभर-शंभरच्या तुकड्यांत एकदा फिरवून घ्या, आधी डेटाबेसचा बॅकअप घेऊन. आणि शक्य असेल तिथे पूर्ण पत्ता साठवू नका, अटॅचमेंटचा, म्हणजे अपलोड केलेल्या चित्राचा, आयडी साठवा, कारण डोमेन बदललं की साठवलेला प्रत्येक पत्ता खोटा ठरतो. अर्थात अ‍ॅपला पत्ताच लागत असेल तर इलाज नाही. मग डोमेन बदलताना डब्ल्यूपी-सीएलआयचं 'सर्च-रिप्लेस' (जुना पत्ता शोधून नवा घालणारी आज्ञा) चालवायचं लक्षात ठेवा. तुमच्या थीममध्ये स्वतःचे हुक असतील तर मात्र आधी ते बघा, मी ती थीम पाहिलेली नाही.