आकडा, तारीख आणि दोन्ही लेखी

अरे बाबा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि झोपच उडाली. तुझं काम चांगलं आहे, ते सांगण्यात मी वेळ घालवत नाही. डोकं फिरलं ते त्या एका ओळीनं. "मावशी, ऑडिओ मालिकेच्या चार भागांचे पैसे अडकलेत, पाचवा लिहून दिला तर सगळे एकदम सोडू म्हणतायत, देऊ का?"

नाही. द्यायचा नाही.

पाचवा दिलास की सहावा मागतील. माणसं वाईटच असतील असं नाही, त्यांचेही वरून आले नसतील कदाचित, पण आत्ता त्यांचं तुझ्यावाचून जेवढं अडलंय ते त्या पाचव्या भागापुरतंच अडलंय. तो एकदा त्यांच्या हातात पडला की तुझा फोन उचलायचं त्यांना कारण काय?

काय ठरलं होतं असं मी विचारलं तर तू म्हणालास, फोनवर बोलणं झालेलं, भागाला अडीच हजार म्हणाले, कधी देणार ते विचारायला कसंतरी वाटलं. कसंतरी वाटलं! अरे तुमच्या घरी प्लंबर येतो तो नळ उघडायच्या आधी आकडा सांगतो, त्याला काही कसंतरी वाटत नाही. आपल्यालाच काय झालंय? पुस्तकं वाचणाऱ्या घरातली पोरं आपण, पैशाचं बोललं की जीभ अडखळते, आणि समोरच्याला ते पक्कं माहीत असतं.

म्हणून नीट ऐक. आकडा, तारीख, दोन्ही लेखी. त्याशिवाय फाइल उघडायची नाही. लेखी म्हणजे वकिलाकडचा करार नव्हे, फोन ठेवला की पाच मिनिटांत एक मेल टाकायचा: "नमस्कार, आज फोनवर ठरल्याप्रमाणे ऑडिओ मालिकेचे सहा भाग, प्रत्येकी साधारण 1,500 शब्द, भागाला 2,500 रुपये, दोन वेळा दुरुस्ती त्यातच, तिसऱ्यांदा असल्यास वेगळे. प्रत्येक भागाचं बिल त्याच दिवशी पाठवेन, पैसे 30 दिवसांत. बरोबर असेल तर कळवा, म्हणजे काम सुरू करतो." उत्तर आलं की सुरू. "हो हो करा तुम्ही, बघू आपण" असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही. व्हॉट्सअॅपवर "ओके" आलं तरी चालेल, पण त्या ओकेच्या वर आकडा आणि तारीख दिसली पाहिजे.

दुसरं, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, या आठवड्यात काढून टाक. फुकट आहे, ऑनलाइन आहे, आधार आणि पॅन लागतं, कोणी त्याचे दोन हजार मागितले तर तो दलाल समज. घरी बसून लिहिणारा माणूससुद्धा सेवा देणारा उद्योगच असतो. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे लहानमोठ्या उद्योगांसाठीच्या, कायद्यात आहे की असल्या छोट्या माणसाचे पैसे लेखी ठरलं असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि काहीच ठरलं नसेल तर 15 दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. लगेच पैसे मिळतात असं मी म्हणत नाहीये, पण बिलावर उद्यम नंबर छापलेला असला की अकाउंटवाला जरा सरळ बसतो. कारण 2023-24 पासून असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. मार्च आला की काही जण स्वतःहून विचारतात, मॅडम उद्यम आहे का तुमचं.

तुझं बिल बघितलं. त्यावर पॅन नाही, बँकेचा तपशील नाही, तारीखसुद्धा नाही, वर गणपतीचं चित्र आहे. चित्र राहू दे, बाकीचं घाल. आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर जाऊन तुझ्या पॅनवर टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारकडे भरलेला कर, जमा झालाय का बघ. पैसे हातात यायच्या आधी नुसतं बिल खात्यात नोंदवलं तरी टीडीएस कापावा लागतो, त्यामुळे तिथे त्यांचं नाव दिसलं तर तुझं बिल त्यांनी मान्य केलंय याचा पुरावाच मिळाला. (वर्षाला 50,000 च्या आत असेल तर नाही दिसणार, तुझं तेवढं झालेलं नाही, पण सवय लाव.)

अजून एक. तू नोकरीत नाहीस, आणि हक्क लिहून दिल्याचं कुठेही सही करून दिलेलं नाहीस. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते चार भाग अजून तुझेच आहेत. हे मेलमध्ये शांतपणे एका ओळीत लिहायचं. धमकीच्या सुरात नको, तुला तो सूर जमत नाही.

आता तू म्हणशील मावशी फार व्यवहारी आहे. सगळेच म्हणतात. आमच्याकडे एक संपादक होते, दिवाळी अंक काढायचे, मी दरवर्षी त्यांच्यासाठी अनुवाद करायचे, पैसे कधी यायचे, कधी नुसता अंक यायचा. एका वर्षी मी फोनवर विचारलं, यंदा किती आणि कधी, एवढं लिहून पाठवा. ते गप्प झाले. मग म्हणाले, आपल्यात आता हे आलं का? 1909 च्या 'मनोरंजन' मासिकाच्या दिवाळी अंकापासून चालत आलेली परंपरा ऐकवली, मराठी वाचक ऐकवला. मी म्हटलं, परंपरेत कागदवाल्याला पैसे मिळतात, छापणाऱ्याला मिळतात, जाहिरात आणणाऱ्याला कमिशन मिळतं, मग माझ्यापाशी आल्यावरच परंपरा कशी आठवते? पुन्हा फोन आला नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका अख्ख्या गल्लीत वाटली, आमचं घर सोडून. वाईट वाटलं, अजून वाटतं, माणूस गोड होता आणि कविता काय सुंदर म्हणायचा. पण मी चुकले नव्हते. त्या वर्षी माझ्याकडे गॅसचं सिलिंडर उधारीवर होतं, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मी का सांगायचं? गरज सांगून मागितले तर ती मदत झाली.

मशीनच्या अनुवादाचं विचारलंयस. हो, दर पडलेत. "मशीननं केलंय, तुम्ही फक्त नजर टाका" म्हणून निम्म्या दरात देतात, आणि नजर टाकायला बसलं की सगळं उपटून पुन्हा लावावं लागतं, कारण मशीनला "अहो" कुठे आणि "अगं" कुठे ते अजून धड कळत नाही, सासू सुनेला आपण म्हणते. असलं काम आलं तर शब्दावर घ्यायचं नाही, तासावर सांगायचं. दोन पानं आधी करून बघायची, वेळ मोजायचा, मग आकडा. आणि हो, लेखी.

घरच्यांचं माझ्याकडे उत्तर नाही. सकाळी अकराला दळण टाकून ये म्हणतात, कारण तू घरीच असतोस. मला अजून म्हणतात. दळण टाक आणि ये.

तर आज एवढंच कर, पाचव्याचं नाव काढू नकोस, चार भाग, चार बिलं, तारखा, दहा हजार, "जमा झाल्यावर पुढचा भाग सुरू करतो" असा मेल लिही आणि पाठवायच्या आधी मला दाखव. फक्त त्यात माझं नाव घालू नकोस. त्या लाइनीतल्या निम्म्या लोकांशी माझं आधीच वाजलेलं आहे.

तुझी,
मावशी