लशी सुरक्षित आहेत हे नेमके कोण तपासते, आणि आजार टळण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग होतो का?

आपण विचारले आहे की बाळांना दिल्या जाणाऱ्या लशींची सुरक्षितता कंपनीखेरीज दुसरे कोणी तपासते का, आणि ज्या आजारासाठी लस दिली त्याखेरीज तिचा काही फायदा असतो का. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की ही तपासणी गावातल्या लसीकरण सत्राच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, आणि ती तिथे सुरू झाली नाही तर वरच्या कोणत्याही समितीला काहीही तपासता येत नाही. हे मी ठामपणे म्हणते, कारण घाटमाथ्यावरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असताना अशी एक नोंद करू नका, असे मला सांगण्यात आले होते.

बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरची लस 2019 मध्ये आपल्या राज्याच्या नियमित लसीकरणात आली, त्यानंतरची ही गोष्ट आहे. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या एका कुटुंबातल्या बाळाचा तिसरा डोस लांबला होता. तो मिळाल्यानंतर आठवडाभराने आशाताई त्या बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन केंद्रात आल्या. बाळ मध्येच पाय पोटाशी घेऊन कळवळून रडे, मग एकदम गळून पडे आणि थोड्या वेळाने पुन्हा रडू लागे. लंगोटात रक्तमिश्रित, जेलीसारखी लालसर शी होती. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून अडकला की असे होते आणि वेळ गेल्यास आतडे सडू शकते, म्हणून मी बाळाला तातडीने पुढे पाठवले. सोनोग्राफीत निदान पक्के झाले आणि हवेच्या दाबाने आतडे सुटले. पोट उघडावे लागले नाही. "लस पाजल्यापासूनच असं करतंय," असे आई वारंवार सांगत होती.

मी लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनेचा फॉर्म भरायला घेतला, तेव्हा वरिष्ठांचा फोन आला. "मॅडम, आतड्याचा आणि लशीचा काय संबंध? कागद वर गेला की दहा चौकशा मागे लागतील, आणि गावात बोभाटा झाला तर पुढच्या सत्राला एकही बाई येणार नाही." मी फॉर्म भरला. कार्डावरच्या पुसट तारखा सिस्टरच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या, बॅच नंबर उतरवून घेतला आणि त्याच बॅचच्या उरलेल्या व्हायलवरची खूणही तपासली. त्या खुणेत गोलाच्या आतला चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लशीला प्रमाणाबाहेर उष्णता लागलेली नाही असे समजतात, आणि तो फिकाच होता.

आतड्याचा आणि लशीचा संबंध काय, हे साहेबांना ठाऊक असायला हवे होते. अमेरिकेत 1998 च्या ऑगस्टमध्ये रोटाशील्ड नावाच्या रोटाव्हायरस लशीला परवाना मिळाला आणि 1999 च्या जुलैमध्ये तिचा वापर थांबवण्यात आला. त्याचे कारण नेमके हेच आतडे अडकणे होते, आणि पहिली शंका आली ती देशभरातून आलेल्या अवघ्या 15 नोंदींवरून. पुढच्या अभ्यासात हा धोका साधारण दहा हजार बाळांत एक इतका निघाला. एवढा लहान धोका परवान्यापूर्वीच्या चाचण्यांत हाती लागला नव्हता, म्हणून त्यानंतर आलेल्या दोन लशी प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर तपासल्या गेल्या. त्या पंधरा ठिकाणी कोणी "कशाला उगाच" म्हणून कागद बाजूला ठेवला असता तर?

भारतातही हे काम झाले आहे. येथे बनलेल्या रोटाव्हॅक लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे या ठिकाणी 6799 बाळांवर झाली. ती सार्वत्रिक लसीकरणात आल्यावर 27 रुग्णालयांतून आतडे अडकलेल्या 970 बाळांची माहिती जमा करण्यात आली. या अभ्यासाची पद्धत मला फार आवडते. त्यात प्रत्येक बाळाची तुलना त्याच्याशीच होते, म्हणजे डोसनंतरच्या तीन आठवड्यांत हा प्रकार इतर काळापेक्षा जास्त घडतो का, एवढेच पाहतात. त्यामुळे गरिबी, कुपोषण, दवाखान्याचे अंतर असे बाळाबाळांतले फरक आपोआप गळून पडतात. त्यात धोका वाढल्याचे आढळले नाही. हा आजार लशीविनाही होतो, आणि तो मुख्यतः चार ते नऊ महिन्यांच्या वयात होतो, ही गोष्ट आईला समजावून सांगणे फार अवघड असते.

आमच्या केंद्रातल्या त्या बाळाबद्दल तपासणीचा निष्कर्षही 'योगायोगाने घडलेली घटना' असाच आला. साहेबांनी नंतरच्या बैठकीत सर्वांसमोर विचारले, "काय मॅडम, मी म्हणत नव्हतो?" तेव्हा मी गप्प राहिले, पण उत्तर आजही तेच आहे. नोंद न करता 'संबंध नाही' असे म्हणणे हा अंदाज असतो, नोंद करून तपासल्यावर म्हणणे हा निष्कर्ष असतो. दोन्ही वाक्ये सारखी दिसली म्हणून त्यांची किंमत सारखी होत नाही. लसविरोधकांच्या फॉरवर्डपेक्षा फॉर्म दाबून ठेवणारे अधिकारी लसीकरणाचे अधिक नुकसान करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या बाळाच्या आईने धाकट्याला सगळे डोस दिले, ते तिच्या तक्रारीची दखल घेतली गेली म्हणून.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात सांगते. रोटाव्हायरसची लस पूर्ण घेतलेल्या अमेरिकी बाळांत पुढील वर्षभरात झटके येऊन रुग्णालयात जाण्याचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी आढळले. गोवराचा विषाणू आधी कमावलेली प्रतिकारशक्ती पुसून टाकतो, हे 2019 मध्ये नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ततपासणीतून दिसले. म्हणजे गोवराची लस इतर आजारांविरुद्धची शिदोरीही राखते. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ या देशात संशोधक पीटर आबी यांनी गोवर लशीनंतर एकूण बालमृत्यूच अपेक्षेपेक्षा जास्त घटल्याचे मांडले, मात्र अशा व्यापक फायद्यांचे सगळेच दावे पुढच्या चाचण्यांत टिकलेले नाहीत. त्याच परिसरात गोवराच्या जादा ताकदीच्या लशीनंतर मुलींचे मृत्यू वाढलेले दिसले आणि 1992 मध्ये तिची शिफारस मागे घेण्यात आली. तेही नोंदी ठेवल्यामुळेच कळले.

एक मर्यादा सांगायची राहिली: अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात सध्याच्या रोटा लशींनंतरही लाखात काही मोजक्या बाळांत हा धोका आढळला आहे, तेव्हा तो शून्य आहे असे मी म्हणणार नाही, जुलाबाने होणाऱ्या मृत्यूंपुढे तो फार लहान आहे, एवढेच म्हणेन. बाळाचे आतडे पूर्वी कधी अडकले असेल तर ते डोसआधी सांगावे, कारण अशा बाळाला ही लस देत नाहीत. डोसनंतर हिरवी उलटी, थांबून थांबून येणारे कळवळून रडणे किंवा लालसर शी दिसली तर लसीकरण कार्डासह लगेच दवाखाना गाठावा आणि घटनेची नोंद झाली का, हे तिथेच विचारावे.