विमानातून देवमासे, डॉल्फिन आणि समुद्री कासवं मोजतात कशी? पाण्याखालची तर दिसणारच नाहीत ना?

सगळी मोजत नाहीतच, नमुना घेऊन अंदाज बांधतात. नकाशावर समांतर किंवा नागमोडी रेषा आखून छोटं विमान साधारण 180 ते 230 मीटर उंचीवरून, ताशी 185 किमीच्या आसपास वेगाने त्यांवरून नेतात. खिडक्या बाहेर फुगलेल्या असतात, त्यामुळे थेट खाली बघता येतं.

प्राणी बरोबर बाजूला आला की निरीक्षक तो क्षितिजापासून किती अंश खाली आहे ते कोनमापकावर वाचतो. 180 मीटर उंचीवरून 45 अंश आले, तर प्राणी रेषेपासून 180 मीटर लांब. अशी अंतरं जमली की लांबचे किती नजरेतून सुटले असतील याचं गणित मांडता येतं.

तुमची शंका रास्त आहे, खरी गोम तिथेच आहे. स्पर्म व्हेल बुडी मारली की पाऊण-एक तास वर येत नाही, कासवंही बराच वेळ खालीच असतात, आणि विमानातून एक जागा दिसते जेमतेम काही सेकंद. म्हणून काही प्राण्यांना खोली नोंदवणारे टॅग लावून ते पृष्ठभागाजवळ किती वेळ असतात ते काढतात. समजा 20 टक्के आलं, तर ढोबळमानाने दिसलेल्या संख्येला पाचाने गुणायचं. ही दुरुस्ती न केलेल्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही.

बाकी वारा सुटून पांढरा फेस दिसू लागला की लहान डॉल्फिन आणि कासवं त्यात हरवतात. मग उड्डाण रद्द करणंच बरं.