खेळ बंद, तरी डोळ्यांपुढे चालूच

प्रश्न : मुलगा अकरावीला आहे. सुट्टीत रात्री एकपर्यंत हेडफोन लावून मोबाइलवर बंदुकांचा खेळ खेळतो. परवा म्हणाला, फेरीबोटीत माणसांच्या डोक्यावर हिरव्या पट्ट्या दिसल्या, खेळात उरलेली ताकद दाखवायला असतात तशा. घरात कोणी नसताना पावलंही ऐकू येतात म्हणे. डॉक्टरांकडे न्यावं का?
— एक आई, दिवाडी

उत्तर : लगेच गरज नाही, ताई. त्यानं आपणहून सांगितलं हे फार चांगलं झालं. आता रागावू नका, नाहीतर पुढचं लपवेल.

2000 साली झोपेचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी लोकांना टेट्रिस हा वरून पडणारे ठोकळे रचायचा खेळ खेळायला लावला. झोप लागताना अनेकांना पडते ठोकळे दिसले. खेळल्याचंही न आठवणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांनाही दिसले! म्हणजे मनाला कितीही बजावलं तरी हे थांबत नाही. पावलांचंही तसंच. या खेळात शत्रू कुठून येतोय हे हेडफोनमधल्या पावलांवरून ओळखायचं असतं. तासन्तास तेच टिपायला सरावलेला कान मग पंख्याची करकर, पागोळ्यांची टपटपही पावलं म्हणून ऐकतो.

दोन आठवडे एवढं करा. झोपण्याआधी किमान एक तास खेळ बंद. पण डाव अर्ध्यावर असताना फोन हिसकावू नका. अर्धवट राहिलेलं डोक्यात जास्त घोळतं, भांडण होतं ते वेगळंच. डाव अर्ध्या तासाचा असेल तर अकराला झोपायचं म्हणून शेवटचा डाव साडेनऊच्या आत सुरू व्हावा. हेडफोनऐवजी स्पीकर, तोही हळू. तासाभरानं दहा मिनिटं उठून अंगणात चक्कर मारू दे. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. झोप भरून निघाली की बहुतेकांचं हे विरतं.

मात्र पट्ट्या खऱ्याच आहेत असं त्याला वाटू लागलं, आवाज त्याच्याशी बोलू लागले, किंवा खेळ बंद करूनही हे सुरूच राहिलं, तर थांबू नका. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

प्रश्न : व्हीआर हेडसेट (डोळ्यांपुढे आभासी जग दाखवणारा) काढल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते. स्कूटर चालवावी का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको. हेडसेटमध्ये वस्तू जवळ-लांब भासते, पण पडद्याचं अंतर तेच राहतं. डोळे वळतात एकीकडे, नजर जुळते दुसरीकडे. त्यातच डोळे सांगतात चाललो, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो बसलोय. पहिले काही दिवस 10–15 मिनिटंच, बसून खेळा. मळमळू लागलं की रेटून खेळू नका, तिथंच काढा. तोल पूर्ण सावरेपर्यंत किल्ली हातात घेऊ नका.