डिस्क राइट कॅशिंगच्या दोन्ही चौकटींवर खूण करावी का?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या 'पॉलिसीज'खाली राइट कॅशिंगच्या (मजकूर आधी डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे कॅशमध्ये, घेण्याच्या) दोन चौकटी दिसतात, दोन्हींवर खूण केली तर संगणक जलद होईल का, असे आपण विचारले आहे. पहिली, राइट कॅशिंग चालू ठेवणारी खूण राहू द्या. दुसरी चौकट कॅश रिकामी करण्याची विंडोजची आज्ञा (बफर फ्लशिंग) बंद करते, तिला हात लावू नका.

पिंपळगाव बसवंतजवळ आमचे द्राक्षांचे छोटे पॅकहाऊस आहे. मार्चमध्ये, हंगाम भरात असताना, वजनाच्या नोंदी सावकाश होतात म्हणून माझ्या चुलत भावाने संगणक दुरुस्त करणाऱ्याकडून दुसऱ्या चौकटीवर खूण करून घेतली. डिस्कला वेगळा वीजपुरवठा नसल्यास हा पर्याय निवडू नये, असे विंडोजने त्या चौकटीखालीच लिहिलेले आहे, हे मी त्याला दाखवले. "सेव्ह केले म्हणजे झाले," एवढेच तो म्हणाला. आठवड्याभराने रात्री साडेआठला वीज गेली, यूपीएसची बॅटरी आधीच निकामी झालेली होती, आणि वीज आल्यावर डेटाबेसची फाइल उघडेना. सकाळच्या बॅकअपनंतर आलेल्या अकरा शेतकऱ्यांच्या मालाच्या नोंदी आम्ही काट्यावरच्या चिठ्ठ्या जुळवत पहाटे तीनपर्यंत पुन्हा केल्या. दोन चिठ्ठ्या सापडल्याच नाहीत. त्या दोघांनी सांगितलेले वजन आम्ही मान्य केले, पण वर्षभर घाम गाळणाऱ्या माणसाला "तुमचा माल किती होता?" असे विचारावे लागले, याची मला आजही लाज वाटते.

भाऊ अजून सॉफ्टवेअरला दोष देतो. ते साफ चूक आहे. डिस्क मजकूर आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत घेते आणि काम झाल्याचे कळवते. म्हणूनच डेटाबेस नोंद पक्की करताना ती स्मृती रिकामी करून मजकूर कायमचा उतरवण्याची आज्ञा पाठवतो. दुसऱ्या चौकटीवर खूण केली की विंडोज ही आज्ञा डिस्कपर्यंत जाऊ देत नाही. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल प्रणालीचे जर्नल (बदलांची नोंदवही) अशा वेळी फार तर फाइल प्रणालीचा सांगाडा सावरते, फाइलमधला मजकूर नव्हे. वेगच हवा होता, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, असे मी तेव्हाही सांगत होतो, आणि शेवटी तीच बसवावी लागली.

सर्व्हरसाठीच्या काही एसएसडींमध्ये वीज गेल्यावर कॅश उतरवण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर असतात. त्यांना माझे म्हणणे लागू नाही. यूएसबी डिस्कचे गणितही निराळे आहे: विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून तिथे मुळात 'क्विक रिमूव्हल' (राइट कॅशिंग बंद ठेवणारा पर्याय) निवडलेले असते, ते बदलले असेल तर डिस्क रीतसर इजेक्ट केल्याशिवाय काढू नका.