तुमचे प्रश्न : काठावरचे सगळे पांढरे पक्षी एकच का?

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं घर तलावाला अगदी लागून आहे, बाल्कनीतून पाणी दिसतं. रोज सकाळी काठावर चार-पाच पांढरे पक्षी उभे असतात, मी आपला सगळ्यांना बगळाच म्हणतो पण नात विचारते, आजोबा कुठला बगळा? तिथे माझी गाडी अडते. आणि फोटो काढायला जरा जवळ गेलं की भुर्रकन उडून जातात. ओळखायचं कसं आणि नीट बघायचं कसं?

उत्तर : काका, नातीचा प्रश्न एकदम बरोबर आहे. आधी पांढरा रंग डोक्यातून काढून टाका, कारण तो चार जातींना सारखाच असतो. पाय आणि चोच बघा. चोच काळी, पाय काळे आणि पंजे मात्र पिवळे असले की तो लहान बगळा, पण तो चिखलात उभा असला की पंजे दिसतच नाहीत, म्हणून उडेपर्यंत थांबायचं, मागे सोडलेल्या काळ्या पायांच्या टोकाला पिवळेधमक पंजे दिसले की विषय संपला. मान आखूड, अंगाने जरा गुबगुबीत, चोच पिवळी आणि पाण्यापेक्षा गवतात जास्त रमणारा तो गायबगळा, चरणाऱ्या गुरांच्या पायांनी जे किडे उडतात ते तो टिपतो.

राहिले मोठा बगळा आणि मध्यम बगळा, यांच्यात भलेभले चुकतात. मोठ्याची चोच एरवी पिवळी असते पण विणीच्या हंगामात काळी होते, त्यामुळे नुसत्या चोचीवर जाऊ नका. चोचीच्या कोपऱ्यापासून मागे जाणारी रेघ बघा, मोठ्या बगळ्याची डोळ्याच्या मागेपर्यंत जाते आणि मध्यमची डोळ्याखालीच थांबते. ह्याला दुर्बीण लागेल, आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलीमीटरची म्हणजे ८x४२ घ्या, जास्त पट घेतली की हाताचा थरथराट पण तेवढाच मोठा दिसतो.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे, पक्षी ओळखायच्या आधी अर्धा तास त्याला काम करताना बघा. लहान बगळा सारखा हलत असतो, धावतो, एक पाय पाण्यात थरथरवून तळ ढवळतो आणि घाबरून बाहेर पडलेला जीव टिपतो. त्याच्याजवळ उंच राखाडी पक्षी पुतळ्यासारखा उभा असेल, उभा राहिला की जवळपास मीटरभर उंच, तर तो राखी बगळा. तो इतका वेळ हलत नाही की आपल्यालाच कंटाळा येतो, आणि नेमकं आपण चहाचा कप ठेवायला वळतो तेव्हा मासा चोचीत असतो! त्याच्या मानेतला सहावा मणका वेगळ्या घडणीचा असतो त्यामुळे मान इंग्रजी एस सारखी दुमडते आणि स्प्रिंगसारखी सुटते. उडताना पण बगळे मान अशीच आखडून घेतात. बहुतेक करकोचे, वाकड्या चोचीचे शराटी, चमच्यासारख्या चोचीचे चमचे हे पक्षी मान पुढे ताणून उडतात, त्यामुळे लांबून नुसती सावली दिसली तरी बगळा आहे की नाही एवढं जवळपास नक्की सांगता येतं, नातीला हे पहिलं शिकवा.

दुसरं म्हणजे कोण कुठे उभं आहे ते बघा. टिटवी कोरड्या काठावर, शेपटीकडचा भाग सारखा वरखाली करत फिरणारा तुतवार चिखलाच्या कडेला, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या जरा आत आणि राखी बगळा त्याच्याहून खोल, ज्याचे पाय जेवढे लांब तेवढं पाणी त्याचं. म्हणून पाणी उतरून चिखल उघडा पडला की पक्षी वाढतात. वहीत तारीख, वेळ आणि पाणी कुठवर आहे एवढं लिहीत जा, वर्षभराने ती वही तुम्हाला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त सांगेल.

आणि जवळ जाऊच नका, तुमची बाल्कनी हीच सगळ्यात चांगली जागा आहे. रोज त्याच जागी, शांत बसलेल्या माणसाची पक्ष्यांना सवय होते, चालत येणाऱ्याची होत नाही. ऊन पाठीमागे असेल अशी वेळ निवडा. पक्ष्याने खाणं थांबवून मान उंच केली की तो आपल्यामुळे अस्वस्थ झालाय, तिथेच थांबायचं. फोटोसाठी मोबाईल दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या काचेला लावून बघा, थोडी प्रॅक्टिस लागते पण जमतं.

प्रश्न : चिखलात मातकट रंगाचा पक्षी बसलेला असतो, उडाला की एकदम पांढरा होतो. हे काय आहे?

उत्तर : ढोकरी. पंख पांढरेच असतात, बसल्यावर मातकट पाठीखाली झाकले जातात. विणीच्या काळात पाठ तांबूस तपकिरी होते. फक्त रातबगळ्याचं पिल्लू पण तपकिरी असतं आणि गोंधळ होतो, त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि उडालं तरी पंख तपकिरीच राहतात. अंधार पडताना डोक्यावरून "क्वाक" असा एकच आवाज गेला तर तो रातबगळा, कामावर निघालेला.

प्रश्न : एका बगळ्याच्या पाठीवर जाळीसारखी विरविरीत पिसं लोंबतायत, आजारी आहे का?

उत्तर : नाही हो, उलट लग्नाचा पोशाख आहे तो! विणीच्या हंगामात ही पिसं येतात आणि नंतर गळून जातात. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर हीच पिसं लावायची फॅशन होती, आणि ती घरट्यावरच्या पक्ष्यांकडेच मिळतात त्यामुळे आईबाप मारले जायचे आणि पिल्लं उपाशी मरायची. हे वाचलं की मला अजून कसंतरी होतं. याच व्यापाराविरुद्ध १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये बायकांनीच संस्था काढली, आज ती तिथली पक्षीरक्षणाची मोठी संस्था आहे. तुमचा बगळा काड्या नेताना दिसला तर घरट्याच्या झाडाखाली जाऊ नका, मोठे पक्षी उठले की अंडी-पिल्लं उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात.

प्रश्न : पाव टाकला तर जवळ येतील का? काठ पण साफ करून घ्यायचा विचार आहे.

उत्तर : पाव टाकू नका, बगळ्याला मासे, बेडूक, किडे लागतात आणि पाव पाण्यात सडतो. काठावरचं लव्हाळं आणि पाण्यात पडलेली वाळकी फांदी पण राहू द्या, त्या फांदीवर बसूनच ढोकरी मासे धरते. साफ करायचंच असेल तर मासे धरणाऱ्यांनी टाकलेली नायलॉनची दोरी आणि गळ तेवढे उचला, ती दोरी पायाला गुंडाळली की पक्ष्याला सोडवता येत नाही. उचललेली दोरी लहान तुकडे करून मगच कचऱ्यात टाका.